नकारातील दया

प्रीतीला 'नाही' म्हणता येते काय? लहान मुलाने विस्तव मागितला तर आई तो देत नाही, हे आपण सर्व जाणतो. परंतु मागणारा मरणाच्या दारात असेल, मागणे केवळ इस्पितळापर्यंत पोहोचविण्याचे असेल आणि पोहोचविणाऱ्याच्या हाती साधनही असेल, तर 'नाही' म्हणणे हे प्रीतीचे काम की निष्ठुरतेचे? गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे व डिचोली ह्या तालुक्यांत राहणाऱ्या आपल्या लोकांपुढे हा प्रश्न कोणत्याही दिवशी उभा राहू शकतो. तेव्हा संकट येण्यापूर्वीच शांत मनाने त्याचा विचार करून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

पेडण्याच्या मोपा पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. ज्यांनी चोपड्याहून शिवोलीला जाण्यासाठी नदीकाठी फेरीबोटीची वाट पाहिली आहे, त्यांना हा बदल केवढा मोठा आहे हे सांगावयास नको. २००८ पासून १०८ क्रमांकाची गाडी दारापर्यंत येऊ लागली. आज डिचोलीच्या खाणपट्ट्यातील अपघातग्रस्त असो की पेडण्याच्या किनाऱ्यावरील हृदयरोगी, बहुतेक गंभीर रोगी शेवटी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जातात. त्याच्याही पलीकडचा उपचार हवा असला म्हणजे मुंबई, बंगळूर, चेन्नई ही नावे निघतात; आणि रस्त्याचा प्रवास रोग्यास सोसणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले की कोणीतरी म्हणते, "विमानाची रुग्णवाहिका मागवा."

ही सेवा लाखो रुपयांची असते. कोणी दागिने मोडतो, कोणी जमीन गहाण टाकतो, कोणाचे नातेवाईक आखातातून पैसे पाठवितात. पैसे भरले जातात, रोगी तयार होतो आणि मग निरोप येतो की, वाटेवरच्या ढगांत बर्फ धरण्याचा धोका आहे, वैमानिक आता निघणार नाही. घरातील माणसे अंगणात येऊन वर पाहतात. श्रावणातले ऊन-पावसाचे आभाळ, अंगाला घाम. बर्फ? येथे? आणि मनात पहिला विचार येतो तो हाच की, ही माणसे सबब सांगत आहेत.

उष्ण देशात बर्फ कोठून?

म्हणून आधी हे समजून घेतले पाहिजे की सबब खरी असू शकते. जमिनीपासून वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. ढोबळ हिशेबाने दर हजार फुटांमागे सुमारे दोन अंश सेल्सिअस. खाली पेडण्यात ३२ अंश असले तर सोळा हजार फुटांच्या आसपास हवा शून्य अंशावर येते. आपल्याकडे ही शून्याची रेषा वर्षभर साधारण त्याच उंचीवर असते. म्हणजे मोप्याच्या धावपट्टीवर घाम पुसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, सरळ रेषेत केवळ पाच किलोमीटरवर, हिवाळा बारमाही मुक्कामाला आहे.

त्या उंचीवर पावसाळी ढगांत एक विलक्षण गोष्ट घडते. पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याखाली उतरूनही गोठत नाहीत. गोठावयास त्यांना टेकण्यासाठी काहीतरी लागते, आणि ते मिळेपर्यंत ते उणे दहा, उणे पंधरा अंशांतही पाणीच राहतात. अशा ढगात विमान शिरले म्हणजे ते टेकू पुरविते. थेंब पंखाच्या पुढल्या कडेवर आपटतो आणि तत्क्षणी बर्फ होतो. थेंब मोठे असले तर आपटल्यावर मागे ओघळत जाऊन, जेथे बर्फ काढण्याची सोय नाही अशा भागावर गोठतात. हा प्रकार अधिकच घातक.

पुष्कळांना वाटते की बर्फाच्या वजनाने विमान खाली येते. वजन वाढते हे खरे, परंतु मुख्य धोका आकाराचा आहे. पंख हवेत तरतो तो त्याच्या घोटीव आकारामुळे. खरखरीत काचकागदाइतका पातळ व खडबडीत बर्फाचा थर पंखाची उचलण्याची शक्ती ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो, असे विमानविद्येतील जाणकार सांगतात. ज्या वेगाने विमान एरवी सुखाने उडते, त्याच वेगाने ते आता एकाएकी कोसळू शकते. त्यात विमान स्वयंचलित यंत्राच्या ताब्यात असले तर ते यंत्र मुकाट्याने तोल सावरीत राहते आणि वैमानिकाच्या हाताला संकटाची चाहूल लागत नाही. यंत्राची मर्यादा संपली की ते एका क्षणी हात काढून घेते.

ह्यावर उपाय आहेत. मोठ्या जेट विमानांत इंजिनातील तापलेली हवा पंखांच्या कडांतून खेळविली जाते. आपल्याकडे रुग्णवाहिका म्हणून वापरली जाणारी किंग एअर किंवा पिलाटस ह्यांसारखी पंख्याची विमाने पंखांच्या कडेला रबरी आवरण लावतात. त्यात ठरावीक वेळाने हवा भरली जाते, ते फुगते आणि वरचा बर्फ फुटून उडून जातो. पंख्याच्या पात्यांना व वेग मोजणाऱ्या नळीला विजेने ऊब दिली जाते. ही सारी सामग्री उत्तम आहे, परंतु ती बर्फातून निसटण्यापुरती आहे, बर्फात मुक्काम करण्यासाठी नाही. बर्फ धरण्याचा वेग रबर फुगण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला की नियम एकच: त्या ढगातून ताबडतोब बाहेर पडा.

हे केवळ थंड देशांचे दुखणे आहे असेही नाही. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान विषुववृत्ताजवळच्या गडगडाटी ढगांत शिरले. बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या थोडा वेळ बुजल्या, स्वयंचलित यंत्र सुटले, वैमानिकांचा गोंधळ झाला आणि २२८ माणसे अटलांटिकमध्ये गेली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधील विन्येदो येथे पंख्याचे एक प्रवासी विमान गरगरत कोसळून ६२ जण दगावले. ते सतरा हजार फुटांवरून चालले होते, आणि तपासाच्या प्राथमिक अहवालात बर्फाच्या वारंवार आलेल्या इशाऱ्यांची नोंद आहे. सतरा हजार फूट म्हणजे आपल्या आकाशातही जेथे शून्याची रेषा नुकती ओलांडलेली असते, तीच उंची.

एकाच रोग्यासाठी दोन कर्तव्ये

येथे रुग्णवाहिकेची अडचण इतर विमानांहून वेगळी होते. प्रवासी विमानास बर्फाचा थर लागला तर ते चढून त्याच्या वर जाते. परंतु उंच गेल्यावर विमानाच्या आतील हवाही काहीशी विरळ होते. ज्याच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचली आहे, ज्याचे आतडे अडकले आहे, अशा रोग्याच्या शरीरातील कोंडलेली हवा त्यामुळे फुगते आणि जिवावर बेतते. म्हणून डॉक्टर म्हणतात, "आतली हवा जमिनीवरच्यासारखी ठेवा." ती तशी ठेवावयाची तर लहान विमानास तेरा ते पंधरा हजार फुटांच्या फार वर जाता येत नाही. म्हणजे जे ढग उंच चढून चुकवावयाचे, त्यांच्या ऐन पोटातून ते विमान चालवावे लागते, आणि थोडे वर सरकले की बर्फाचा थर सुरू होतो.

पाहा, डॉक्टरचे म्हणणे खरे आहे आणि वैमानिकाचेही खरे आहे. दोघेही त्याच एका रोग्याचे भले इच्छितात. एक म्हणतो, वर नेऊ नका. दुसरा म्हणतो, खालून नेता येत नाही. नीतीच्या पुस्तकांत आपण चांगल्या-वाइटाची निवड शिकतो. खऱ्या आयुष्यात पुष्कळदा दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात आणि दोन्ही एकदम साधत नाहीत.

आमच्या देशानेही ह्या सेवेची किंमत मोजली आहे. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून एका तरुण रोग्यास दिल्लीस आणणारे पिलाटस विमान फरीदाबादच्या दाट वस्तीत कोसळले. विमानातील सातही जण गेले: रोगी, त्याचा नातेवाईक, वैद्यकीय मदतनीस, वैमानिक. आणि खाली आपल्या घरात असलेली तीन माणसेही गेली. तपासाच्या निष्कर्षात बर्फाचे नाव नाही. हवामानाचा आघात, नियंत्रणातील चूक, अंधारात दिशाभान हरपणे, ह्यांपैकी एक किंवा सर्व मिळून, असे त्यात म्हटले आहे. परंतु आमच्या प्रश्नास तो अपघात सर्वस्वी लागू आहे. एका जिवासाठी निघालेली दया दहा जीव घेऊन गेली, आणि त्यांतल्या तिघांना तर कोणी विचारलेही नव्हते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ६ मे २०२१ रोजी नागपुराहून रोगी घेऊन उडालेल्या एका लहान विमानाचे चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले. वैमानिक विमान मुंबईस घेऊन आले, धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि विमान पोटावर उतरविण्यात आले. आतील पाचही जण सुखरूप राहिले. ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. जेथे सर्वांत सुरक्षित उतरता येईल, तेथे ते गेले.

तीन आक्षेप

आता ह्या नकाराविरुद्ध जे म्हटले जाते, ते आपण प्रामाणिकपणे ऐकून घेऊ.

पहिला आक्षेप: "धोका पत्करणे हेच त्यांचे काम आहे. आग लागली तर बंब मागे फिरतो काय?" ह्यात तथ्य आहे. दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणे ही प्रीतीची परमावधी होय, ही आमची श्रद्धाच आहे. परंतु ती परमावधी ज्याच्या त्याच्या जिवापुरती आहे. वैमानिक एकटा जात नाही. त्याच्यामागे एक परिचारिका बसलेली असते, जिला ढगांतले काही कळत नाही आणि जिची मुले घरी वाट पाहतात. रोगी तर बेशुद्ध असतो. त्याची संमती कोण घेणार? आणि खाली फरीदाबादसारखी घरे असतात. स्वतःचे अर्पण करणे हा त्याग. दुसऱ्याचे अर्पण करून त्यालाही त्याग म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

दुसरा आक्षेप: "विश्वास ठेवून निघा. देव राखील." मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतानाने प्रभूला नेमके हेच सुचविले होते, आणि तेही शास्त्राचा आधार देऊन. प्रभूने उडी घेतली नाही. देवाने माणसास हवामानाचा नकाशा वाचण्याची बुद्धी दिली असता ती बाजूस सारून त्याच्या रक्षणाची वाट पाहणे, हे विश्वासाचे रूप धारण केलेले देवाचे परीक्षण आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: "वाट पाहताना रोगी दगावला तर?" ह्यास सोपे उत्तर नाही आणि आम्ही देऊही इच्छीत नाही. काही रोगी खरोखरच दगावतील. विमान गेले असते तर कदाचित सुखरूप पोहोचलेही असते, हा विचार त्या घराला जन्मभर छळील. वैमानिकाच्या नकाराने कोणाचा जीव वाचला हे कधी दिसत नाही, कारण जो अपघात झाला नाही त्याची बातमी होत नाही. मात्र नकारानंतर कोण गेले हे सर्वांना दिसते. जगात ज्या नकारांचे आभार कोणी मानीत नाही, त्यांपैकी हा एक आहे. तरीही निर्णय घेताना माणसाच्या हाती परिणाम नसतो, केवळ त्या घटकेचे ज्ञान असते. त्या ज्ञानाशी प्रामाणिक राहणे एवढेच कर्तव्य त्याच्यावर टाकता येते.

परंतु एक सावधगिरी हवी. प्रत्येक 'नाही' दयेतूनच येते असे नाही. आळसातून, बेफिकिरीतून, कमी पैशांतूनही ते येते. दयेचा नकार कसा ओळखावा? तो नकार देऊन स्वस्थ बसत नाही. चार तासांनी ढग विरतील का ते पाहतो. दुसरी वाट सुचवितो. बेळगाव वा कोल्हापूरपर्यंत रस्त्याने, सोबत डॉक्टर देऊन नेता येईल का विचारतो. तोवर येथेच कोणता उपचार चालू ठेवता येईल हे डॉक्टरांना विचारावयास लावतो. वाटेने पलीकडून निघून गेलेला याजकही जखमी माणसाजवळ थांबला नाही आणि नकार देणारा वैमानिकही विमानात चढत नाही. परंतु याजक निघून गेला, आणि हा अजून फोनवर आहे. भेद तेवढाच, आणि तो फार मोठा आहे.

दयेला आवर घालणारे नियम

अमेरिकेत जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ ह्या तीन वर्षांत रुग्णसेवेच्या विमानांचे व हेलिकॉप्टरांचे ५५ अपघात होऊन ५४ माणसे मृत्यू पावली. तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाने २००६ साली ह्याचा विशेष अहवाल काढला आणि उड्डाणापूर्वी धोक्याचे लेखी मोजमाप करण्याची शिफारस केली. अशा अनुभवांतून ह्या क्षेत्रात दोन रीती रुजल्या आहेत, आणि त्या दोन्ही मनुष्यस्वभाव ओळखून केलेल्या आहेत.

पहिली रीत अशी की, हवामान पाहून निर्णय घेईपर्यंत वैमानिकास रोग्याविषयी काही सांगावयाचे नाही. रोगी म्हातारा आहे की चार वर्षांचे मूल आहे, हे त्यास ठाऊक नसावे. वरवर पाहता हे किती कठोर! परंतु कारण पाहा. 'मूल आहे' हे कळल्याने ढगातील बर्फ वितळत नाही. वितळते ते केवळ वैमानिकाचे मन. त्याची दया त्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिला थोडा वेळ दाराबाहेर उभे करावयाचे.

दुसरी रीत अशी की, निघावयाचे तर सर्वांची संमती हवी, आणि थांबावयाचे तर एकाचे 'नाही' पुरे. ते 'नाही' परिचारिकेचे असले तरी तिला कारण विचारून कोंडीत पकडावयाचे नाही. जेथे थोरांचाच शब्द चालतो अशा आमच्या समाजाला, आणि प्रामाणिकपणे म्हणावयाचे तर आमच्या मंडळीच्या पंचकमिट्यांनाही, ह्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सर्वांत धाकट्याच्या भीतीलाही जेथे किंमत असते, तेथे सर्वांचेच जीव सुरक्षित राहतात.

दाविदाने ओतलेले पाणी

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायात एक लहानशी हकीगत आहे. दावीद गडात होता, बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे होते. वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी आणून देईल तर किती बरे, असे तो सहज बोलून गेला. त्याने आज्ञा केली नव्हती. परंतु तीन वीरांनी शत्रूच्या फळीतून घुसून ते पाणी आणले. दाविदाने ते प्यायले नाही. ते त्याला त्या माणसांच्या रक्तासारखे वाटले आणि त्याने ते परमेश्वरापुढे ओतून टाकले.

दाविदाची तहान जिवावरची नव्हती आणि आपला रोगी मात्र जिवावर आलेला असतो, हा भेद आम्ही विसरत नाही. तरी ह्या हकिगतीत एक गोष्ट आमच्यासाठी आहे. आपली इच्छा, मग ती कितीही निर्दोष असो, दुसऱ्याला मृत्यूच्या फळीत पाठवू शकते. आपण 'जा' म्हणालो नाही, केवळ रडलो, विनवले, पैसे दुप्पट देऊ म्हणालो, एवढ्याने जबाबदारी संपत नाही. प्रीती करणाऱ्या शूर माणसाला तेवढा इशाराही पुरतो. म्हणून ज्याच्यावर दुसरे प्रीती करतात, ज्याच्यासाठी दुसरे धाव घेतात, त्याने आपल्या मागण्याला मर्यादा घालावी. दाविदाला ते पाणी हातात आल्यावर कळले. आपल्याला ते आणावयास पाठविण्यापूर्वी कळले तर अधिक बरे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, ज्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी दर विचारण्याबरोबरच आणखी चार प्रश्न विचारावेत. विमानास बर्फाच्या हवामानात उडण्याची परवानगी व सामग्री आहे काय? वैमानिक दोन आहेत काय? त्यांना विश्रांती मिळाली आहे काय? आणि हवामान बिघडल्यास मधेच कोठे उतरणार? जी सेवा ह्या प्रश्नांनी चिडते, तिच्या हाती आपला माणूस देऊ नये.

दुसरी गोष्ट, वैमानिकाने नकार दिला तर त्याला अधिक पैशांचे आमिष, ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन किंवा शाप ह्यांपैकी काहीही देऊ नये. दुसरी सेवा शोधावयाची झाल्यास पहिलीने हवामानामुळे नकार दिला आहे, हे तिला आधी सांगावे. ते लपवून दुसऱ्याला बोलावणे म्हणजे आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट मंडळीची. अशा रात्री त्या घरी कोणीतरी जाऊन बसावे. 'हवामान' हा शब्द ज्यांना सबब वाटतो, त्यांना तो समजावून सांगावा. आणि समजावूनही दुःख उरते तेव्हा गप्प बसून सोबत करावी. रोगी दगावला तर 'विमान आले असते तर' हे वाक्य त्या घरात आपल्या तोंडून तरी निघू नये.

पेडण्याच्या नद्यांवर पूल नव्हते त्या काळीही पुराच्या रात्री होडी सोडण्यास नकार देणारे नावाडी असतीलच. त्यांना लोकांनी काय काय म्हटले असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो. परंतु नदी ओळखणारा माणूस तोच होता, आणि सकाळी पाणी उतरताच पहिली होडी लोटणाराही तोच. आज नदीच्या जागी ढग आले आहेत आणि नावाड्याच्या जागी वैमानिक. त्याचे 'नाही' ऐकून घेण्याचे बळ प्रभू आपल्याला देवो. आणि ढग विरताच तो निघेल तेव्हा, त्याच्या विमानात असलेल्या प्रत्येकासाठी, केवळ आपल्या रोग्यासाठी नव्हे, प्रार्थना करण्याचे मनही देवो.